प्राथमिक, मध्यम, प्रगत

धाकट्याचा अंगठा सुटला आणि पत्त्यांचा अर्धा कॅट फरशीवर सांडला. ताईने घड्याळ थांबवलं, वहीत अकराव्या दिवसासमोर फुली मारली आणि वाकून खुर्चीखाली गेलेला एक पत्ता ओढून काढला.

"राहू दे, मी उचलतो," धाकटा म्हणाला.

"तू उचलणार म्हणजे आजचा दिवस गेला."

धाकटा हसला आणि गुडघ्यांवर बसून एकेक पत्ता नखाने उचकटू लागला. ताईने तिकडे पाठ केली. गुळगुळीत फरशीवरून पत्ता उचलणं कोणालाच सोपं नसतं, असं तिने मनाशी म्हटलं. तसं म्हणायची गरज का पडली, हे मात्र तिने स्वतःला विचारलं नाही. मोठ्या बहिणींना काही प्रश्न न विचारण्याची सवय फार लवकर लागते.

कॉम्प्युटरवर व्हिडिओ थांबलेला होता. काळ्या कापडावर एका माणसाचा उजवा हात, मनगटाच्या वर काही दिसत नव्हतं. काम त्या एकाच हाताचं होतं. कॅट बोटांच्या टोकांवर आडवा धरायचा, अंगठा सैल करून खालचा अर्धा भाग तळव्यात पडू द्यायचा, तर्जनीने तो वर ढकलायचा, म्हणजे वरचा अर्धा भाग आपोआप त्याच्या खाली उतरतो. झाला एका हाताचा कट. दुसऱ्या हाताने तोवर चहा पिऊन होतो, असं तो व्हिडिओतला माणूस मोठ्या खुशीत सांगत होता.

ताई काय काम करते हे कळलं की लोक आधी हसायचे. घरबसल्या छंद शिकवणारी एक संस्था होती. विणकाम, चेंडू झेलणं, दोरीच्या गाठी, आणि त्यातच पत्ते. पत्त्यांचे डाव नाहीत आणि जादूही नाही. पत्ते नुसते हातात खेळवायचे. पंखा उघडायचा, या हातातून त्या हातात पत्त्यांची धार सोडायची, एका हाताने कापायचे. ज्यांना हे येतं ते धडे चित्रित करून पाठवत. त्यातले बरे निवडायचे आणि प्रत्येकावर पायरी लावायची, प्राथमिक, मध्यम की प्रगत, एवढंच ताईचं काम. ऐकायला सोपं. पण शिकवणारा प्रत्येक जण आपला धडा सोपाच म्हणतो, आणि पायरी चुकली की नवखा माणूस चार दिवस बोटं दुखवून घेतो आणि पाचव्या दिवशी कॅट कचऱ्यात टाकतो.

म्हणून या बहीणभावांनी आपली एक पद्धत बसवली होती. ताईने निवडायचं, धाकट्याने करून बघायचं. एका बैठकीत जमलं तर प्राथमिक, आठवड्यात जमलं तर मध्यम, त्याहून जास्त लागलं तर प्रगत. चार-पाच व्हिडिओ एका वेळी चालू असत, आणि जमेपर्यंत एकही सोडायचा नाही हा धाकट्याचा हट्ट. धाकटा काही उस्ताद नव्हता. शाळेत असताना बाकाखाली पत्ते पिसायला शिकला, तेवढंच. पण त्याचा हात म्हणजे चारचौघांचा हात, असं ताईने पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं आणि तो अंदाज कधी चुकला नव्हता. तिने स्वतः मात्र पत्त्यांना हात लावायचा नाही. तो नियमही धाकट्याचाच.

"पेपर काढणाऱ्याने पेपर सोडवायचा नसतो," तो म्हणायचा. "तुला जे आवडेल ते तुला सोपं वाटेल."

चार वर्षं तिने तो नियम पाळला. कॅट हातात घ्यायचा तो फक्त पुसून ठेवायला.

धाकट्याने गोळा केलेला कॅट टेबलावर ठेवला. कडा वेड्यावाकड्याच राहिल्या होत्या. "मी दाढी करून येतो," तो म्हणाला.

"घरी काय झालंय दाढी करायला?"

"ब्लेड बोथट आहे."

"दोन महिने झाले, बोथटच आहे? नवाबसाहेब, नवीन आणा की."

"आणतो, आणतो," म्हणत नवाबसाहेब जिना उतरले. ताई त्याच्या पावलांचा आवाज ऐकत राहिली. पूर्वी तो दोन-दोन पायऱ्या उतरायचा.

तेवढ्यात संस्थेतल्या बाईंचा फोन आला. बाई गोड बोलायच्या, आणि जास्त गोड बोलल्या की समजायचं, काहीतरी बिनसलंय.

"दोन महिन्यांत तुम्ही चौदा व्हिडिओंना प्रगत लावलंय," बाई म्हणाल्या. "नवीन लोकांना द्यायला माझ्याकडे प्राथमिक एकही राहिला नाही हो."

"अवघड असेल त्याला अवघडच म्हणणार ना आम्ही?"

"हो, पण तो एका हाताचा कट? तुम्ही गेल्या आठवड्यात कळवलात तो? रागावू नका, पण तो माझी आत्या करते. सत्तरीची आहे."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग आत्याबाईंनाच ठेवा कामावर," ती म्हणाली. "आमच्याकडे उचलली जीभ आणि लावली टाळ्याला असं नसतं, बाई. आम्ही माणूस बसवतो, घड्याळ लावतो, वहीत लिहितो. आज अकरावा दिवस आहे. अकरा दिवस माझा भाऊ घाम गाळतोय त्या एका साध्या..."

शब्द तोंडातून निघून गेला होता. ताईने वाक्य पुरं केलं नाही. "बघते पुन्हा," असं म्हणून तिने फोन ठेवला.

मग तिने कपाटातून जुन्या वह्या काढल्या. आपण 'साध्या' असं का म्हणून गेलो, हे तिला शोधायचं होतं, आणि तिला ते सापडू नये असंही वाटत होतं. तीन वर्षांपूर्वीच्या वहीत ते होतं. हाच कट, शिकवणारा वेगळा. समोर तिच्या अक्षरात चाळीस मिनिटं, प्राथमिक, आणि शेजारी धाकट्याने तिची पेन्सिल हिसकावून घेऊन लिहिलेलं: पोरखेळ आहे हा!

अक्षर कसं टपोरं होतं त्याचं. ताईने पानं उलटली. पुढच्या वर्षी वेळ कमी होत गेलेला. बरोबरच आहे, सवयीने हात सुधारणारच. मग गेल्या वर्षी कुठेतरी तो वाढायला लागलेला. तासाचे दोन तास, दोन तासांचे तीन दिवस. फुल्यांवर फुल्या. त्या प्रत्येक फुलीच्या वेळी ती इथेच, या खुर्चीत बसलेली होती आणि दर वेळी तिने व्हिडिओला नावं ठेवली होती. शिकवणारा धांदरट आहे, कॅमेरा चुकीच्या बाजूला आहे, हल्ली लोकांना शिकवताच येत नाही. फूटपट्टीच आखडत चालली असेल, हे चार वर्षं पट्टी धरून बसलेल्या बाईला सुचलं नव्हतं.

सुचलं नव्हतं असं तरी कसं म्हणावं? मनात पाल कधीचीच चुकचुकत होती.

अण्णांचं, म्हणजे त्यांच्या वडिलांचं, बोटांपासूनच सुरू झालं होतं. एकेचाळिसाव्या वर्षी शर्टाची बटणं लागेनात. मग बँकेत सही जुळेना. मग हात आपल्या मनाने हलायला लागले, मग पाय, आणि शेवटच्या वर्षी घास घशाखाली उतरेना. नऊ वर्षं लागली सगळ्याला. ते गेले त्या आठवड्यात डॉक्टरांनी या दोघांना व्हरांड्यात थांबवून सांगितलं होतं, की हे दुखणं रक्तातून येतं. मुलांपैकी प्रत्येकाला येण्याची शक्यता निम्मी-निम्मी. चाळिशीत येतं, कधी पन्नाशीनंतरही धरतं, त्यावर औषध नाही. रक्त तपासून आधी कळू शकतं, पाहिजे असेल तर.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," धाकटा तेव्हा म्हणाला होता. ताईनेही मान डोलावली होती. ज्या गावाला जायचं नाही, त्याची वाट कशाला विचारा. त्या दिवसापासून दोघांनी तो विषय काढला नाही. ताईचा संसार मोडला आणि ती परत या दोन खोल्यांत राहायला आली, तेव्हा मूल का होऊ दिलं नाहीस हे सगळ्या जगाने विचारलं, धाकट्याने विचारलं नाही. धाकट्याने लग्न केलं नाही, ते तिने विचारलं नाही. तो दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या करायचा. मेणात एकेक दात बसवायचं काम, केसाएवढी चूक बोटाला कळली पाहिजे. कोणी लग्नाचं काढलं की तो म्हणायचा, "लोकांचे दात बसवता बसवता माझे पडायची वेळ आली, आता कसलं लग्न!" सहा महिन्यांपूर्वी त्याने ती नोकरी सोडली. मालकाशी पटलं नाही म्हणाला. ताईने त्या मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

धाकटा आता चाळीस वर्षांचा होता. ताई पंचेचाळीसची.

तिने वह्या बंद केल्या. एक गोष्ट अजून शिल्लक होती. व्हिडिओ खरोखरच अवघड असू शकत होता. आत्याबाई काय, असेल एखादीच्या हातात कसब. नवख्या माणसाला तो जमत नाही एवढं कळलं असतं तरी तिला पुरे होतं. आणि घरात पत्त्यांना कधीही हात न लावलेला नवखा माणूस एकच होता.

तिने घड्याळ लावलं, कॅट उचलला आणि व्हिडिओ सुरू केला.

पहिल्यांदा सगळे पत्ते मांडीवर पडले, तेव्हा तिला इतकं बरं वाटलं की ती मोठ्याने "बघ!" म्हणाली. दुसऱ्यांदा पडले, दहाव्यांदा पडले. देवा, नको जमू दे, असं ती म्हणत होती आणि हात मात्र आपलं काम शिकत होते. हातांना कुठे कळतं, आपण कशासाठी शिकतोय? तर्जनी कुठे टेकवायची ते कळलं. अंगठा किती सोडायचा ते कळलं. छत्तिसाव्या मिनिटाला खालचा भाग उचलला गेला, कॅट दरवाजासारखा उघडला, आणि वरचा भाग हळूच खाली जाऊन बसला.

तिला आधी हसू आलं. पंचेचाळिसाव्या वर्षी नवीन काहीतरी जमलं की येतं तसं, लहान मुलीचं. तिने पुन्हा केलं. पुन्हा जमलं. तिसऱ्यांदाही जमल्यावर तिने कॅट टेबलावर ठेवला आणि तोंडावर हात दाबून धरला.

माझा धाकटा, माझा धाकटा, एवढंच तिच्या मनात येत राहिलं. तिनेच त्याला चालायला शिकवलं होतं, तिनेच त्याच्या हातात पहिली पाटी दिली होती. आता काय काय होणार ते तिने एकदा डोळ्यांनी पाहिलेलं होतं, क्रमाने. त्याला अजून काही माहीत नाही, असं तिला वाटलं, आणि या एका गोष्टीला तिने घट्ट धरलं. माहीत नाही ना? मग माहीत होऊ द्यायचं नाही. जितके दिवस ढकलता येतील तितके ढकलायचे. सगळ्या व्हिडिओंना प्रगत लावायचं, नोकरी गेली तर गेली खड्ड्यात. तिने तोंड धुतलं, पत्त्यांच्या कडा जुळवून ठेवल्या आणि चहाचं आधण ठेवलं.

धाकटा आला तो दारातच थांबला. गाल गुळगुळीत, कानाशी पावडर राहिलेली. तो टेबलावरच्या कॅटकडे बघत होता.

"तू हात लावलास," तो म्हणाला.

"लावला. बाईंचा फोन आला होता. म्हणे हा कट त्यांची आत्या करते. म्हटलं, बघू तरी आपण."

"मग?" त्याने एक चप्पल काढली होती, दुसरी पायातच होती.

"मग काय! तासभर बसले. नाही जमलं."

"अजिबात नाही?"

"एकदासुद्धा नाही. बोटं आहेत की लाकडं! तुला उगाच बोलत होते रे मी. हा व्हिडिओ प्रगतच आहे. त्यांची आत्या सर्कशीत असेल."

तो हसेल म्हणून ती थांबली. तो हसला नाही.

"तर्जनी उचलत नाही, की अंगठा राहत नाही?"

"दोन्ही," ताई म्हणाली. खोटं बोलायचंच तर हात आखडता कशाला घ्यायचा.

धाकटा भिंतीला धरून खाली बसला. चप्पल तशीच पायात. त्याचा चेहरा असा उतरला होता, की ताईच्या हातातली चहाची गाळणी तशीच राहिली. अण्णा गेले त्या दिवशीही तिने त्याचं असं तोंड पाहिलं नव्हतं.

"इकडे ये," तो म्हणाला. "हात दे."

ती त्याच्याजवळ खाली बसली. त्याने तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि एकेक बोट दाबून पाहू लागला. त्याची स्वतःची बोटं तिच्या बोटांवर थरथरत होती. आजवर तो हात खिशात तरी ठेवायचा, नाहीतर काहीतरी धरून तरी. आज त्याने ते लपवलं नाही.

"पेला-बिला सुटतो का गं हातातून? खरं सांग. बटणं लावताना?"

"कोणाच्या? माझ्या?"

"केव्हापासून, ताई?"

"अरे, तू काय बोलतोयस..."

"माझं मला माहीत आहे," धाकटा म्हणाला. "रक्त तपासून आलो मी, सहा महिने झाले. हात दाखवून अवलक्षण! मालकाशी काही भांडण झालं नव्हतं. एका म्हातारीची कवळी माझ्या हातून तीनदा बिघडली. मीच सोडलं."

ताईच्या तोंडून राग बाहेर आला. "आणि मला सांगितलं नाहीस? सहा महिने?"

"तुला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू रक्त द्यायला जाऊन बसली असतीस. मला सोबत म्हणून. तुझा स्वभाव मला माहीत नाही?" त्याने तिचा हात सोडला नव्हता. "तुला ते कागद वाचायला लावायचे नव्हते मला. म्हटलं, आधी आपणच तुझे हात बघू. पण तुझे हात बघायचे कसे? तू तर कॅटला शिवायला तयार नाहीस, माझ्याच नियमाने. दोन महिने मी न जमणारं करत बसलोय, ते काय हौस म्हणून? मला वाटायचं, आज चिडशील, उद्या चिडशील, म्हणशील, दे इकडे, मी करून दाखवते. मला वाटलं होतं, तुला जमेल. दोघांतलं एक तरी सुटायला हवं होतं गं."

आधण उतू जाऊन शेगडीवर सांडलं. कोणी उठलं नाही.

ताईला कळलं, आपण मायेने काय करून बसलो ते. आपलं खोटं मागे घ्यायचं तर एकच वाट होती. त्याला अकरा दिवसांत जे जमलं नाही ते त्याच्याच समोर बसून करून दाखवायचं. बहिणीने भावाला करावी अशी ती गोष्ट नव्हती. ती उठली आणि टेबलावरचा कॅट घेऊन आली.

पहिल्या खेपेला पत्ते पडले. धाकट्याने श्वास ओढला तो तिला ऐकू आला.

"थांब, थांब," ती घाईने म्हणाली. "रडतेय म्हणून पडले. दिसत नाहीये मला. थांब जरा, मेल्या, असा बघू नकोस."

तिने बाहीने डोळे पुसले, पत्ते गोळा केले, कडा जुळवल्या. कॅट बोटांच्या टोकांवर धरला. अंगठा सोडला. खालचा भाग तळव्यात आला, तर्जनीने वर गेला, वरचा खाली उतरला. आवाज झाला तो एवढासाच.

"पुन्हा," धाकटा म्हणाला.

तिने पुन्हा केलं.

"सावकाश कर."

तिने सावकाश केलं. तो तिच्या तोंडाकडे बघतच नव्हता. नाक जवळजवळ तिच्या मनगटाला लावून तो फक्त बोटं बघत होता, मेणातला दात बघायचा तसा.

"आता डाव्या हाताने."

"अरे, डाव्याने मला भाजीसुद्धा चिरता येत नाही!"

"बरं. उजव्यानेच कर."

तिने आणखी चारदा केलं. चारही वेळा जमलं.

"खरं किती वेळ लागला?"

"छत्तीस मिनिटं."

"शपथ?"

"अण्णांची शपथ. पण अरे, एका कटावरून काय कळतं? डॉक्टर म्हणाले होते, पन्नाशीनंतरही..."

"मला कळतं," धाकटा म्हणाला. त्याने हात लांब करून टेबलावरची वही ओढली. पेन उचलायला गेला, ते बोटांतून निसटून घरंगळलं. त्याने ते तळव्याने तिच्याकडे ढकललं. त्याचे डोळे वाहत होते आणि तो हसत होता.

"प्राथमिक," तो म्हणाला. "लिही. माझ्याकडे बघू नकोस, लिही."

ताईने लिहिलं.